मोतिया गुरामीचे राज्य आणि मेहुण्याचा आहेर

श्री जलदेवता साक्ष. ज्याने पाणी निर्माण केले, पाण्यात जीव घातला आणि एका जीवाने दुसऱ्या जिवाची काळजी वाहावी ऐसी बुद्धी मनुष्यास दिधली, त्यास दंडवत करोन प्रारंभ. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते समयी एका नगरात, दुसऱ्या मजल्यावरील दिवाणखान्यात, चार फूट लांबीचे काचेचे राज्य कैसे स्थापन जाहले, त्यात गुरामी नामे मासे कोणत्या विचाराने आणिले, त्यांच्या शेजारास कोण बसविले, कोणास वेशीबाहेर ठेविले, आणि ज्यास वेशीबाहेर ठेवावे तोच आहेराच्या पिशवीत बसोन आत आला तेव्हा राज्यावर कैसा प्रसंग गुदरला, ते सर्व वर्तमान येथे यथामति लिहिले आहे. वाचणारांनी सावध चित्ते वाचावे.

या राज्याचे धनी राजेश्री भालचंद्रराव टेकवडे. हे एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक होते आणि कोणती गाडी कोणत्या फलाटास लावावी, कोणत्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या असता चालक-वाहक हातघाईवर येतात, ही विद्या त्यांस हस्तगत होती. मग निवृत्त जाहले, आणि निवृत्त मनुष्यास घरात जागा असते परंतु काम नसते, म्हणोन लहानपणापासोन मनात दडविलेली इच्छा वर काढिली, की आपले घरी मासे असावे, जिवंत, पोहणारे. परंतु दिवाणखान्यात टाकी बसेल ऐसी भिंत एकच, आणि तिजपाशी त्यांच्या कुटुंबाचे, म्हणजे सुमतीबाईसाहेबांचे, शोकेस उभे होते. त्यात चिनी मातीची बदके, शंखशिंपल्यांचा मोर आणि लग्नातील काचेचा सरबताचा संच, ज्यातून आजवर कोणीही सरबत प्याले नाही. भालचंद्ररावांनी चहाची वेळ पाहोन अर्ज गुदरला. बाईसाहेब बोलिल्या, "मासे? ताटात वाढले तर काटे मोजत बसता, आणि आता दिवाणखान्यात पाळणार?" भालचंद्रराव बोलिले, "खायला नाही. बघायला." बाईसाहेब बोलिल्या, "आयुष्यभर गाड्या बघितल्या, आता मासे बघा. पण माझं शोकेस माळ्यावर जाणार असेल तर माझी अट ऐकून ठेवा. मला घरात मढं चालत नाही. एक जरी मासा उलटा तरंगला, तरी त्याच दिवशी तुमची काच घराबाहेर आणि माझं शोकेस जागेवर. मग अगं-अगं करायचं नाही." भालचंद्रराव बोलिले, "मंजूर." ऐसा तह जाहला, आणि तह तोंडी असला तरी टेकवड्यांचे घरी तोंडी तहास कागदापेक्षा मान अधिक, हे सारा जिना जाणतो.

मग काचेची टाकी आली, तळास वाळू घातली, झाडे लाविली, पाणी भरिले आणि पाणी गाळण्याचे यंत्र चालू केले, परंतु मासा एकही आणिला नाही. कारण ऐसे, की नव्या पाण्यात माशांची घाण पचविणारे सूक्ष्म जीव नसतात, ते डोळ्यांस दिसत नाहीत आणि त्यांस वस्ती करावयास महिन्याहून अधिक लागतो, आणि ती वस्ती बसण्याआधी जो मासा सोडील तो मासा मारील. जिन्यातील मंडळी येत आणि पुसत, "मासे कुठायत?" "यायचेत." "मग आम्हाला बोलावून दाखवताय काय?" "पाणी." मंडळी हसत आणि चहा घेवोन जात. भालचंद्रराव हसण्यास भ्याले नाहीत, कारण रिकाम्या फलाटावर उभे राहोन गाडीची वाट पाहणे हेच त्यांनी जन्मभर केले होते.

पाणी पक्व जाहले तेव्हा खासा स्वारी मकबूलभाईंच्या दुकानी गेली. मकबूलभाई हे नगरातील मत्स्यव्यापारी, जिभेवर साखर आणि हातात जाळी. त्यांनी प्रथम निळी गुरामी दाखविली. भालचंद्रराव बोलिले, "ही तापट. एकदा कोपरा धरला की दुसऱ्याला फिरकू देत नाही." मग बुटकी गुरामी दाखविली, अंगावर लाल-निळे पट्टे, रूपाने देखणी. भालचंद्रराव बोलिले, "तुमच्याकडे सगळे नरच आहेत. दोन नर एका टाकीत घातले की एकाची तिरडी." मग मकबूलभाईंनी वाटीतला फायटर मासा पुढे केला, तेव्हा भालचंद्ररावांनी हात जोडिले आणि बोलिले, "हा तर गुरामीचाच भाऊबंद. भाऊबंदांना एका बांधावर आणून मला कोर्ट चालवायचं नाही." मग मोतिया गुरामी दिसली. अंगावर मोती पेरल्यासारखे ठिपके, नराच्या गळ्याखाली केशरी रंग, आणि पोटाखालून निघालेल्या दोन लांब दोऱ्यांसारख्या मिशा, ज्यांनी हा मासा आंधळ्याच्या काठीप्रमाणे पुढची वाट चाचपतो. स्वभावाने शांत, अंगाने वीतभराहून थोडा कमी. भालचंद्ररावांची नजर तेथे खिळली. मकबूलभाई बोलिले, "जोडी बांधू साहेब? एक नर, एक मादी. शुभ असतं, सगळे जोडीच नेतात." आणि हे खरे, की आमच्या लोकांस दिव्याची समई असो की देवघरातील हत्ती, वस्तू जोडीने आणावयाची खोड आहे, आणि माशांतही तीच खोड चालविल्याने किती माद्या मेल्या त्यास गणती नाही, कारण नर एकट्या मादीच्या मागे लागोन तिला खाऊ देत नाही आणि बसू देत नाही. म्हणोन भालचंद्रराव बोलिले, "एक नर, तीन माद्या." हे वर्तमान घरी कळले तेव्हा बाईसाहेब उद्गारिल्या, "वा! त्याला तीन-तीन. आणि इथे एकीचं ऐकायला कान नाहीत."

मग शेजाऱ्यांची निवड. तेथे भालचंद्ररावांनी फलाटाची विद्या लाविली. गुरामीचा मुक्काम वरच्या पाण्यात, कारण हा मासा पाण्यातील हवेवर भागवीत नाही, मधूनमधून वर येवोन तोंडाने हवा घेतो, आणि ती वाट अडली तर गुदमरतो. म्हणोन वरचा फलाट गुरामीस मोकळा ठेविला, झाकणाखाली चार बोटे जागा सोडिली, यंत्राचा प्रवाह मंद केला आणि तरंगत्या झाडांचे छत केले. मधल्या फलाटास रासबोरा मासे थव्याने दिले, जे आपल्या थव्यात मग्न असतात आणि कोणाच्या मिशीस हात लावीत नाहीत. तळास कोरी मासे दिले, जे वाळू हुंगत फिरतात आणि वर काय चालले याची चौकशी करीत नाहीत. ऐसे तीन थर, तीन फलाट, कोणाची गाडी कोणाच्या आड नाही. राज्य सुरळीत चालो लागले. तरी भालचंद्रराव रोज सकाळी चहाआधी प्रथम पाण्याचा पृष्ठभाग पाहात, की कोणी उलटे तरंगत तर नाही, आणि मगच श्वास सोडीत.

आता बाईसाहेबांचे वर्तमान. आरंभी त्या टाकीकडे पाठ करोन बसत आणि माशांस "तुमची मंडळी" म्हणत. मग एके दुपारी मटार सोलीत असता एक दाणा घरंगळत काचेपाशी गेला, आणि तो नर तरंगत आला, आणि काचेपलीकडून मिशीने दाण्याची जागा चाचपू लागला. बाईसाहेबांनी बोट ठेविले, तर बोटाची जागा चाचपली. बोट सरकविले, तर मिशी सरकली. बाईसाहेब इकडे तिकडे पाहोन हळूच बोलिल्या, "काय रे, काय पाहिजे?" तेव्हापासोन मटार थोडा उकडोन, साल काढोन, चिमटीने कुस्करोन टाकीत पडो लागला. भालचंद्ररावांस वाळूत हिरवे कण दिसले आणि उमजले, परंतु मुत्सद्दी मनुष्याने सगळेच उमजल्याचे दाखवू नये, म्हणोन ते गप्प राहिले.

माघ मासी राज्य स्थिर जाहलेले पाहोन भालचंद्ररावांनी आप्तांस चहा-पोह्यास बोलाविले. तेथे चूक जाहली. आमच्या लोकांत रीत आहे की नव्या घरास, नव्या गाडीस, नव्या दुकानास रिकाम्या हाताने जाऊ नये. बाईसाहेबांचे धाकटे बंधू जयवंतराव, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मनाचे गृहस्थ, दारातूनच गर्जत आले, "आक्का, दाजींनी राज्य केलं म्हणे! मग म्हटलं फौज नको का?" आणि हातातील पाण्याची पिशवी उंच धरिली. आत सहा टायगर बार्ब, अंगावर वाघाचे काळे पट्टे, पिशवीतही एकमेकांस टोचत होते. भालचंद्ररावांनी हातातील पोह्यांची बशी खाली ठेविली. बार्ब म्हणजे लांब मिशी, लांब पर दिसले की कुरतडणारी जात, हे त्यांस ठाऊक होते. ठाऊक असोन मकबूलभाईंच्या दुकानी त्यांनी त्या टाकीकडे पाहिलेही नव्हते. परंतु आहेर परत करणे म्हणजे देणाराच्या तोंडावर दार लावणे, आणि देणारा बायकोचा भाऊ, आणि पाहणारे सगळे आप्त. बाईसाहेबांनी पिशवीस हळदकुंकू लाविले आणि भरल्या डोळ्यांनी बोलिल्या, "बघितलंत? माझ्या माहेरचं माणूस रिकाम्या हाताने येत नाही." मग भालचंद्ररावांनी पिशवी सोडिली. ज्यांनी कधी चुकीच्या फलाटास गाडी लाविली नव्हती त्यांनी आपल्या हाताने लाविली, आणि मंडळींनी टाळ्या वाजविल्या.

पुढे काय वर्णावे. बार्बांनी प्रथम रासबोऱ्यांस पिटाळिले, मग छताखालची वाट अडविली, आणि मोतिया नर हवा घ्यावयास वर येई तो सहा जण मिशीवर तुटोन पडत. मिशी आज इतकी, उद्या तितकी. नराचा केशरी गळा फिका पडला आणि तो पाणी तापविण्याच्या नळीमागे जावोन लपला. भालचंद्ररावांचा पेच ऐसा, की बार्ब ठेवावे तर गुरामी मरेल आणि तहाप्रमाणे राज्य बुडेल. बार्ब काढावे तर बाईसाहेबांचे माहेर दुखावेल आणि मग तहाचीही वाट न पाहता राज्य बुडेल. त्यांनी आडून मसलत केली. चहाचे वेळी बोलिले, "जयवंतरावांचे मासे जरा... चपळ आहेत." बाईसाहेब बोलिल्या, "आमच्याकडचे सगळेच चपळ. तुमच्याकडच्यांसारखे नाहीत, हाक मारली की तासाने मान वळवणारे." मसलत तेथेच फसली. मकबूलभाईंकडे गेले, तर ते बोलिले, "सहाचे बारा करा साहेब, मग आपसात भांडतील आणि दुसऱ्याला सोडतील." यात तथ्य होते, बार्ब थोडे असता अधिक छळतात, परंतु ज्या घरी सहा चोर शिरले तेथे आणखी सहा बोलवावे ऐसे भालचंद्ररावांच्या मनास येईना. त्यांनी झाडे वाढविली, बार्बांस पोटभर चारिले, म्हटले पोट भरले की तोंड थांबेल. तोंड थांबले नाही.

मग एके दुपारी बाईसाहेब मटार घेवोन काचेपाशी बसल्या आणि बोट ठेविले. कोणी आले नाही. बोट सरकविले, काचेवर टिचकी मारिली, हाक दिली. तेव्हा नळीमागोन तो नर मोठ्या कष्टाने निघाला आणि काचेपाशी आला, आणि जेथे लांब मिशा होत्या तेथे दोन खुंट होते. तो खुंटांनी बोटाची जागा चाचपो गेला, परंतु खुंट पोहोचेनात. बाईसाहेबांनी मटाराची वाटी खाली ठेविली. मग आतल्या खोलीकडे तोंड करोन हाक दिली, "अहो, इकडे या. हे कोणी केलं?" भालचंद्रराव आले, पाहिले आणि बोलिले, "पाण्याचा दोष असेल." "पाण्याचा?" बाईसाहेब बोलिल्या, "पाण्याला दात असतात?" तितक्यात बार्बांचा थवा आला आणि पाहता पाहता उरल्या खुंटावर तुटला. बाईसाहेबांनी पाहिले. मग हळू आवाजात बोलिल्या, "तुम्हाला माहीत होतं." भालचंद्रराव बोलिले, "आहेर होता." "मग मला सांगायला काय तोंडाला कुलूप होतं?" "तुझ्या भावाचा होता." यावर बाईसाहेबांनी भालचंद्ररावांकडे ऐसे पाहिले की तैसे त्यांनी लग्नाच्या मांडवानंतर पाहिले नव्हते, आणि मग पदर खोचिला आणि फोन उचलिला.

"जयवंता, तुझे सहाच्या सहा गुंड घेऊन जा." पलीकडोन आवाज आला, "आक्का, काय झालं? आहेर परत देतात काय कुठं?" बाईसाहेब बोलिल्या, "आहेर घेतला, त्याला कुंकू लावलं, त्याचा मान झाला. आता माझ्या घरात तुझ्या पोरांनी दुसऱ्याच्या मिशा उपटल्या तर मी तुलाच बोलावणार ना? तू लहानपणी शेजारच्या बंड्याचे केस उपटलेस तेव्हा आईने कुणाला बोलावलं होतं?" "बाबांना." "मग ये." जयवंतराव लोणच्याची रिकामी बरणी घेवोन संध्याकाळच्या आत हजर जाहले, कारण त्या घराण्यात आक्काचा शब्द पडू देत नाहीत.

तेव्हा मोहीम जाहली. जयवंतरावांनी बाही सारिली आणि जाळी घातली, आणि बार्ब असे पांगले की जाळीत एक कोरी आला आणि एक झाड आले. "दाजी, तो बघा, तिकडं गेला!" "तिकडून तुम्ही हाणा." "हाणू कसा, माझाच हात मध्ये येतोय!" दिवाणखान्यात पाणी जाहले, जयवंतरावांचा सदरा भिजला, आणि एक बार्ब जाळीतून उडोन सोफ्यावर पडला, त्यास बाईसाहेबांनी वाटीत झेलिले आणि बोलिल्या, "बघ, अगदी तुझ्यावर गेलाय." शेवटी भालचंद्ररावांस स्थानकावरील गर्दी आठवली, की गर्दी पांगवावयाची तर मागे धावू नये, जागा कमी करावी, आणि त्यांनी नळी लावोन अर्ध्याहून अधिक पाणी बादल्यांत उतरविले, आणि उथळ पाण्यात सहाही बार्ब कोपऱ्यात आले आणि धरिले गेले. जयवंतराव बरणी पोटाशी धरोन बोलिले, "आक्का, रागावलीस?" बाईसाहेबांनी त्यांचे केस पदराने पुसिले आणि बोलिल्या, "तुझ्यावर नाही रे. पण यांची सोय नीट कर. यांना यांच्यासारख्यांतच ठेव." आणि जयवंतरावांनी पुढे तैसेच केले, आपल्या घरी टाकी घेतली, सहाचे बारा केले, दुसरी जात घातली नाही, आणि ते बारा तेथे आपसात भांडोन परम सुखी आहेत.

परंतु लढाईचा हिशेब दुसरे दिवशी आला. सकाळी भालचंद्ररावांनी पृष्ठभाग पाहिला तर एक मादी आडवी तरंगत होती. बार्बांच्या जाचात तीही खचली होती, कोणी पाहिले नव्हते. घर निजलेले. मनात आले की मादी गुपचूप उचलावी, मकबूलभाईंचे दार वाजवावे आणि तैसीच दुसरी आणोन सोडावी. सगळ्या माद्या एकसारख्या, कोणास कळणार? आणि पायात चपलाही घातल्या. मग थांबले. जो तह तोंडी केला तो गुपचूप मोडता नये ऐसे मनात येवोन चपला काढिल्या, शिडी लाविली, आणि बाईसाहेब उठोन बाहेर येतात तो भालचंद्रराव माळ्याजवळ शिडीवर, हातात शोकेसवरचा कापडी पडदा. "काय करताय?" "एक गेली," भालचंद्रराव बोलिले, "तुझं शोकेस काढतोय." बाईसाहेबांनी टाकीत पाहिले, मग शिडीकडे पाहिले. "खाली या आधी. या वयात पडलात तर दुसरं मढं नको मला घरात." भालचंद्रराव उतरले. बाईसाहेब बोलिल्या, "फौज कुणाकडून आली? माझ्या माहेराकडून. वेशीत कुणी घेतली? मी, कुंकू लावून. ज्याने किल्ल्याचं दार उघडलं त्याने किल्लेदाराला दंड करायचा, असं आमच्याकडे शिकवलेलं नाही. तह राहू दे बाजूला. चहा घ्या आणि चला माझ्याबरोबर." "कुठे?" "त्या मकबूलभाईंकडे. एक नर आणि दोन माद्या, त्या दोघी मरतील त्याच्या जाचाने. तीन पाहिजेत. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

मग बाईसाहेब प्रथमच मत्स्यबाजारी गेल्या, आणि मकबूलभाईंनी जिभेवरची साखर सोडिली, "ताई, हा फायटर बघा, काय रंग आहे!" बाईसाहेब बोलिल्या, "रंग तुमच्याकडेच राहू द्या. मोतिया मादी दाखवा. ती नको, तिचं पोट खपाटीला गेलंय. ती, झाडाजवळची. खाते का? मग माझ्यासमोर चारा." मकबूलभाईंनी भालचंद्ररावांकडे पाहिले, भालचंद्ररावांनी आभाळाकडे पाहिले. मादी घरी आली, आणि बाईसाहेबांनी तिला थेट न सोडता बादलीत वेगळी ठेविली, की रोग असेल तर तेथेच कळावा. हे भालचंद्रराव सांगो जात होते तो बाईसाहेबच बोलिल्या. मग काही दिवसांनी ती सोडावयाची वेळ आली, तेव्हा भालचंद्ररावांनी सवयीने जाळी उचलिली. बाईसाहेबांनी ती हातातून घेतली. "तुम्ही नको," त्या बोलिल्या, "तुम्ही कुणालाही आत घेता." आणि मादी पाण्यात उतरविली, आणि नर नळीमागोन आला, त्याच्या खुंटांस बारीक कोवळे दोरे फुटो लागले होते. त्या दिवसापासोन दाणा केव्हा पडावा, झाड केव्हा छाटावे, पाणी केव्हा बदलावे, हे हुकूम बाईसाहेबांचे चालतात, आणि भालचंद्रराव बादल्या वाहतात. ज्या राज्यासाठी ते शिडीवर चढले ते राज्य राहिले, फक्त त्यांचे राहिले नाही, आणि याविषयी कोणी पुसिले तर म्हणतात, "बरं झालं. माझा जीव दर सकाळी टांगणीला लागायचा. आता तिचा लागतो." आणि सुखाने चहा आधी पितात.

तात्पर्य ऐसे: मोतिया गुरामी ठेवावी तर एका नरास तीन माद्या, वरची हवा मोकळी, शेजारास शांत थवेकरी आणि तळास वाळू हुंगणारे, निळ्या गुरामीस, फायटरास आणि बार्बास पाया पडोन वेशीबाहेर ठेवावे, पाणी पक्व होण्याआधी मासा आणू नये, आणि आहेर कोणाचाही असो, मान द्यावा, परंतु जे दिसते ते घरच्या माणसास त्याच दिवशी सांगावे.

हे वर्तमान त्याच जिन्याच्या पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याने, जैसे डोळ्यांनी पाहिले आणि छतातोन पाणी गळता कानांनी ऐकिले, तैसे लिहिले. शिक्षण सातवीपर्यंत, तरी ग्रंथांची गोडी. शब्द चुकला असेल तो वाचणारांनी पोटात घालावा. येथवर वाचले, उपकार जाहले, त्यांचे आभार मानितो. केरबा लक्ष्मण सातपुते, हस्ताक्षर खुद्द.